धाकटी, थोरली आणि डावा आरसा

"दोन्ही सारख्याच आहेत हो," असं माझ्या मावशीला सांगून सुखाने घरी जेवायला गेलेला दुकानदार वाशीपासून बेलापूरपर्यंत शोधूनही सापडणार नाही. जगात कुठल्याही दोन वस्तू सारख्या नसतात, त्या सारख्या वाटणं हा निव्वळ बघणाऱ्याचा आळस असतो, असं तिचं ठाम मत आहे. हे मत तिला तिच्या धंद्याने दिलं. कोपरखैरण्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ती वर्षानुवर्षं साड्यांना फॉल-पिको करून देते. खोलीच्या एका भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी आहे. त्यात नुसत्या हिरव्या रंगाची रिळंच एक आख्खी ओळ अडवून बसली आहेत. मला त्या ओळीत हिरवा, गडद हिरवा आणि पोपटी असे तीन रंग दिसतात. मावशीला मेहंदी, शेवाळी, बाटली, रामा, मोरपंखी, कैरी आणि 'जरा उतरलेली कैरी' असे इतके दिसतात की ती सांगत असताना आपल्याच डोळ्यांबद्दल शंका यायला लागते. एखादीने साडी आणून "कुठलाही हिरवा चालेल" असं म्हटलं, की मावशी साडीची घडी हळूच परत तिच्या पिशवीत ठेवते आणि म्हणते, "मग कुठल्याबी दुकानात जा की."

तिची निवड करण्याची पद्धत ठरलेली आहे. वस्तू दुकानात बघायचीच नाही. ट्यूबलाइटखाली सगळंच खोटं दिसतं, म्हणून दोन्ही वस्तू रस्त्यावर, उन्हात न्यायच्या आणि हात लांब करून धरायच्या. साडी आणि दोरा यांच्यासाठी हे ठीक आहे, पण मावशीने हाच न्याय पोळपाट, गादीचा कापूस, कुकरची शिटी आणि एकदा तर चष्म्याचा डॉक्टरसुद्धा निवडताना लावला होता. (तो डॉक्टर बिचारा खरोखरच तिच्यामागून दवाखान्याच्या पायरीपर्यंत आला होता.) माझ्या लग्नाच्या वेळी हॉल बघायला तिला बरोबर नेलं ही माझी घोडचूक. दोन हॉल एकाच मालकाचे, एकाच इमारतीत, एकावर एक. तिने खालच्या हॉलमध्ये टाळी वाजवली, मग वरच्या हॉलमध्ये टाळी वाजवली, पुन्हा खाली आली आणि व्यवस्थापकाला म्हणाली, "वरच्यात मंगलाष्टकं घुमतील. खालचा द्या." तो माणूस अजून मला रस्त्यात दिसला की तिची खुशाली विचारतो.

मात्र एका बाबतीत तिला निवड अजिबात मान्य नाही, आणि ती बाब म्हणजे ताट. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. यात तुलना नाही, ऊन नाही, चर्चा नाही. एका बुफेत मी घाईघाईत लोणचं उजवीकडे वाढून घेतलं, तेव्हा तिने चारचौघांत माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, सगळं चमच्याने जागच्या जागी लावलं आणि मगच मला जेवू दिलं. "उजव्या हातानं जेवायचं आन उजवीकडंच सगळा बाजार मांडायचा, म्हंजे हात फिरायचा कुठनं?" असा तिचा सवाल होता. आणि हे सगळं माझ्या बायकोच्या माहेरच्या मंडळींसमोर.

अशा बाईच्या नवऱ्याने एकतर वाद घालणारं व्हावं किंवा गप्प बसणारं. माझे काका तिसरेच निघाले. ते ऐकायचे, मजा घ्यायचे आणि आपलं काम करायचे. त्यांचं काम म्हणजे ट्रेलर चालवणं. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि जासईच्या यार्डात नेऊन लावायचा. त्यांच्या लेखी गाडी पुढे नेणं हे काही चालवणं नव्हे, ते कुणालाही येतं. खरी ड्रायव्हरकी मागे घेण्यात. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं, त्यामुळे सगळं उलटं धरून चालावं लागतं आणि नजर दोन्ही बाजूंच्या आरशांवर ठेवावी लागते. काका दोन कंटेनरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी अशी सरकवत की बाकीचे ड्रायव्हर चहा हातात धरून बघत राहत. लग्न नवं असताना एकदा मावशी डबा घेऊन यार्डात गेली होती. त्या दिवशी मागे उभा राहायला कुणी नव्हतं म्हणून काकांनी तिलाच उभी केली. मागच्या माणसाने "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं आणि वेळ आली की "बस". मावशी एवढं मोठं धूड अंगावर येताना बघून घाबरली आणि लांबूनच "बस!" म्हणून ओरडली. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये एक बैलगाडी आरामात उभी राहिली असती. काकांनी हा किस्सा पुढे प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. "हिच्या 'बस'वर राहिलो असतो तर कंटेनर जासईत आन माल पनवेलात उतरवायला लागला असता," असं ते म्हणत आणि मावशी आतून भांडी आपटत असे.

मग एक दिवस काकांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, हलका आहे, थोडक्यात निभावलं. डावा हात आणि पाय जरा जड झाले, ते व्यायामाने बरेचसे सुटले. काही महिन्यांनी काका कामावर गेले आणि त्याच दिवशी जेवायच्या आत परत आले. किल्ल्या मालकाच्या टेबलावर ठेवून आले होते. "पाय क्लचला साथ देत न्हाय," एवढंच बोलले. कुणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं.

तेव्हापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायला लागले. गप्पा मारणारा माणूस असा आटत गेला की बघवेना. मी रविवारी जायचो, त्यांच्या डाव्या हाताला एक स्टूल असे त्यावर बसायचो, ऑफिसातल्या गमती सांगायचो. ते समोर बघत राहायचे. कधी हुंकार यायचा, कधी तोही नाही. शेजारचे लोक म्हणायला लागले की माणूस तुटक झाला. मावशीला दुःख वेगळंच होतं. काका तिच्या चटणीला हात लावेनासे झाले होते. भाजी, आमटी, भाकरी सगळं संपायचं आणि ताटाची डावी बाजू तशीच. "खाल्ली की," असं ते म्हणायचे. मावशी बोट ठेवून दाखवायची, "मग हे काय हाय?" तेव्हा काका मान वळवून बघायचे आणि चकित होऊन म्हणायचे, "ऱ्हायली म्हन की." मावशीने हा अपमान मनाला लावून घेतला. तिने जवसाची केली, कारळ्याची केली, लसूण-खोबऱ्याची केली, शेंगदाण्याचं कूट दोन जाडीचं करून बघितलं, आणि यात नेमकं काय बिघडतंय याच्यावर माझं मत घेतलं. मला सगळ्या सारख्याच चांगल्या लागल्या. हे मी बोललो नाही.

एका रविवारी स्टुलावर फॉलच्या साड्यांचा गठ्ठा होता, म्हणून मी उजवीकडे कठड्याला टेकून मोबाइल बघत उभा होतो. मोबाइलवर कुणीतरी कॉम्प्युटरवरचा ट्रक चालवायचा खेळ खेळत होता. खराखुरा वाटावा असा रस्ता, हातात खेळातलं स्टिअरिंग. अचानक काका म्हणाले, "ह्यो गडी स्टिअरिंग उशिरा काटतोय. ठोकनार." आणि त्याने खरंच ठोकली. काका हसले. अगदी थोडंसं, पण हसले. आतलं शिलाई मशीन थांबल्याचं मला ऐकू आलं. मावशी दारात येऊन उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "हे आपल्या घरात आनायला काय काय लागतं?"

आता हे विचारायला तिने चुकीचा माणूस धरला होता. मी महापेच्या कंपनीत पगारपत्रकं करतो. कंपनी कॉम्प्युटरची आहे, मी नाही. पण आमच्या खानदानात हा फरक कुणी मानत नाही. (एवढा एकच फरक मावशीच्या नजरेतून सुटला आहे.) मी चौकशी करून सांगितलं: कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा, स्टिअरिंग आणि पेडल ऑफिसातला एकजण देईल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड. आपल्या बजेटात दोन बसतात. एकाला दोन पंखे, एकाला तीन. दोनवाल्याचा वेग जरा जास्त, तीनवाल्याची मेमरी जरा जास्त. किंमत जवळजवळ तीच. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निसटलं. "कुठलंही घेतलं तरी चालेल, मावशी."

पुढचे अनेक आठवडे माझ्या आयुष्यात दुसरा विषय नव्हता. मावशीने मोबाइल शिलाई मशीनला टेकवून फॉल लावता लावता कार्डांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. दोन्ही कार्डांना तिने नावं दिली: दोन पंख्यांची धाकटी, तीन पंख्यांची थोरली. "धाकटी चपळ हाय पन तिच्या पोटात जास्त मावत न्हाय. थोरली जरा बसत-उठत काम करती, पन घरातलं सगळं ध्यानात ठेवती," असं तिने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, आणि बायकोला वाटलं की कोणाच्या तरी घरातल्या भांडणाची बातमी आहे. मी मीटिंगमध्ये असताना तिचे प्रश्न यायचे. मे महिन्यात, पंखा फुल्ल असतानाही घामाच्या धारा लागतात अशा आमच्या कोपरखैरण्यात, कोण कमी तापेल? वीज गेली आणि आली तर कोणाला जास्त धक्का बसेल? व्हिडिओतला दाढीवाला मुलगा धाकटीचं कौतुक करताना हातात धाकटीच का धरतो? हा शेवटचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

मला विचारून तिचं भागलं नाही तेव्हा ती वाशीला गेली. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी तिला हसत हसत सांगितलं, "अरे मावशी, दोनी सेम आहेत. टेन्शन कशाला घेता? डोळे झाकून उचला." मावशी म्हणाली, "डोळे झाकून तुमी विका. मी उघडे ठिवून घेनार." आणि दोन्ही कार्डं उन्हात आणायला लावली. भर दुपारी फूटपाथवर एका हातात धाकटी, एका हातात थोरली धरून ती डोळे बारीक करून उभी होती आणि दुकानदार पाठीमागे छातीवर हात ठेवून. दुसऱ्या खेपेला त्याने तिच्यासाठी स्टूल ठेवलं. तिसऱ्या खेपेपर्यंत ती दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांचाही निकाल लावायला लागली होती. कॉम्प्युटर बसवायच्या दोन काळ्या कॅबिनेटांपैकी कुठलं घ्यावं यात अडकलेल्या एका मुलाला तिने सांगितलं की डावीकडचा काळा निळ्यात जातो, तो घेऊ नको, आणि त्याने घेतला नाही. पुढे त्या दुकानदाराच्या आईच्या साड्या फॉलसाठी कोपरखैरण्याला यायला लागल्या.

तिला समजून घ्यायचं होतं ते एकच. "आरसा कुनाचा चांगला?" मी दुकानदाराला विचारलं तेव्हा त्याने समजावलं की गाडीच्या खेळात आरसा हे मोठं काम असतं. समोरचा रस्ता काढून झाला की मागचा रस्ता आरशात पुन्हा वेगळा काढावा लागतो, म्हणून बरेच लोक वेग मिळावा यासाठी आरसे धूसरच ठेवतात. मावशीने एवढं ऐकलं आणि निवाड्याचा दिवस ठरवला. दुकानदाराने एकच खेळ दोन्ही कार्डांवर लावून दाखवला. त्याला वाटलं ती डोंगर, ढग, पाऊस बघून खूश होईल. ती म्हणाली, "गाडी नगं दाखवू बाबा. डावा आरसा दाखव. उजवा ड्रायव्हरच्या बाजूला असतो, त्यो दिसतोच. डावा लांबचा. यांची सगळी कमाल त्या डाव्या आरशावर असायची." मग ती पडद्याला नाक लावून बराच वेळ बसली. शेवटी म्हणाली, "थोरलीत मागच्या डब्याच्या पत्र्यावरचा गंज दिसतो. धाकटीत नुसता तपकिरी रंग दिसतो. थोरली द्या." मला गंजही दिसला नव्हता आणि तपकिरी रंगही. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, त्यालाही दिसला नव्हता. आजही मला खात्री नाही की तिथे काही फरक होता. पण तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा समाधान दिसलं, म्हणून आम्ही दोघांनीही "बरोबर आहे" म्हटलं.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत रिळांच्या फळीखाली मांडला. नवीन यंत्र घरात आलं की हळद-कुंकू लागायलाच हवं. दर खंडेनवमीला काकांचा ट्रेलर झेंडूने नटायचा, मग हिला उपाशी कसं ठेवायचं? मी तारा जोडून हात धुवायला गेलो तेवढ्यात मावशीने उघड्या डब्यातून थोरलीच्या तिन्ही पंख्यांना भरपूर हळद-कुंकू वाहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा पंखे फिरले नाहीत, कारण ही कार्डं तापल्याशिवाय पंखे फिरवत नाहीत. काका खुर्चीत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला, ट्रकचं इंजिन घरघरलं, आणि थोरलीने तिन्ही पंख्यांनी एकदम माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, भिंतीवर आणि एका गिऱ्हाइकाच्या कोऱ्या साडीवर भंडारा उधळला. काका खोकून खोकून हसले. मावशी साडी झटकत म्हणाली, "हसा. पन गाडी बघा पुढं."

काकांनी गाडी बघितली. पाच-दहा मिनिटांत त्यांचे खांदे सैल झाले. तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या ऐकून आम्हाला बरं वाटलं. "रस्त्यात खड्डा न्हाय, मधी कुनी येत न्हाय, गाडी चालवायची तरी कशी?" असं म्हणत ते चालवत होते. डावीकडचे दोन-तीन खांब घासले गेले, ते सवयीचं नसल्यामुळे असेल असं मी धरून चाललो. मग मुक्काम आला, आणि माल उतरवायला ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली. काकांनी बसल्या जागी पाठ सरळ केली. मावशी मशीन सोडून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. सगळा खटाटोप या एका क्षणासाठी होता.

गाडी मागे गेली आणि डावीकडच्या खांबाला लागली. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे, पुन्हा तोच खांब.

"अहो, डाव्या आरशात बघा की," मावशी म्हणाली. "कसा लख्ख दिसतोय. त्याच्यासाठीच तर थोरली घेतली."

काकांनी पुढे घेऊन पुन्हा मागे टाकली. गाडी पुन्हा लागली.

"अहो, आरसा!"

"कुठाय आरसा?" काका म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत, आणि मी हसलो. मावशी हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, उन्हात धरून दोन दोऱ्यांकडे बघते तशी. मग तिने फळीवरचं एक पिवळं रीळ काढलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला धरलं. "समोरच बघा. हे काय हाय?"

"काय, काय हाय?"

तिने रीळ हळूहळू मधे आणलं. नाकासमोर आल्यावर काका म्हणाले, "पिवळं रीळ." तिने ते पुन्हा डावीकडे नेलं. "गेलं," काका म्हणाले.

मग काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि इतके दिवस आवळून धरलेलं बोलून टाकलं. पाय कधीच बरा झाला होता. त्या दिवशी यार्डात गाडी मागे घेताना डावीकडचं सगळं नाहीसं झालं होतं. त्यांना वाटलं आरसा मळलाय, म्हणून उतरून फडक्याने पुसून आले, तरी तेच. मान पूर्ण वळवली तर आरसा दिसायचा, पण मग बाकीचं सुटायचं. "मागं मानूस उभा असतो गं. त्या दिवशी कुनी नव्हतं म्हून बरं. असता तर मला दिसला नसता," ते म्हणाले. "तवाच किल्ल्या ठिवल्या. म्हनलं, पाय म्हनायचं. पायाला कुनी कायबी म्हनत न्हाय. डोळा गेला म्हनलं तर तू घराभायेर सोडली नसतीस."

मावशीने रीळ फळीवर परत ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे चटणी..."

मला काकांच्या डाव्या हाताचं ते स्टूल आठवलं आणि त्याच्यावर बसून सांगितलेल्या सगळ्या गमती आठवल्या. काका तुटक झाले नव्हते. मी त्यांच्या जगाच्या बाहेर बसून बोलत होतो.

मी खेळ बंद करायला पुढे झालो, तेव्हा मावशीने माझा हात बाजूला केला. ती काकांच्या डाव्या खांद्यापाशी जाऊन उभी राहिली, पडद्यावरच्या त्या लख्ख आरशात डोळे घातले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "घ्या मागं. मी बघती. येऊ द्या."

काकांनी गिअर टाकला.

"येऊ द्या... येऊ द्या... जरा उजवीकडं मारा... येऊ द्या..." ती हाताने हवेतच गाडी वळवत होती. "येऊ द्या... येऊ द्या... बस!"

ट्रेलर बरोबर जागेवर लागला होता, भिंतीपासून हातभर अंतरावर. काकांनी मान पूर्ण डावीकडे वळवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शिकलीस की." मावशी पदराने डोळे पुसत आत निघून गेली.

पुढे आम्ही मोठ्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, झटक्यात मेंदूतला डाव्या बाजूचं बघणारा भाग गेला, आणि गेलं ते आता फारसं परत येणार नाही. मान वळवायची सवय करायची, माणसांनी उजवीकडे बसायचं. मावशीने डॉक्टरना शंभर प्रश्न विचारले, पण दुसरा डॉक्टर बघूया असं म्हणाली नाही. बाहेर आल्यावर ती बराच वेळ रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होती. हातात काहीच धरलेलं नव्हतं.

आता काका रोज दुपारी ट्रेलर चालवतात. मुक्काम आला की हाक मारतात आणि मावशी मशीनवरून उठून डाव्या खांद्यापाशी येते. साडी घेऊन आलेल्या बायकांना "येऊ द्या, येऊ द्या"चा गजर संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या थांबतात. गॅलरीतलं स्टूल उजवीकडे गेलं आहे. काका पुन्हा गप्पा मारतात, जरा कमी, पण मारतात. यार्डातला तो 'बस'चा किस्सा मात्र त्यांनी आता सांगायचा सोडला आहे. मला कधी कधी वाटतं की खांद्यापाशी उभं राहून सांगायचंच होतं तर धाकटी घेतली असती तरी चाललं असतं. हे मी मावशीला बोलून दाखवणार नाही. ती म्हणेल, मग मला गंज कसा दिसला असता?

मागच्या रविवारी मी तिथे जेवायला होतो. मावशीने माझं ताट वाढलं: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, जिथल्या तिथे. मग काकांचं ताट घेतलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर सगळं उजवीकडे, भाजीला खेटून, आमटीच्या वाटीला जागा नव्हती तरी. आणि त्यांच्याच मधोमध दोन चटण्या, एक जवसाची आणि एक कारळ्याची. ताटाची डावी बाजू मोकळी होती. मी बघतोय हे तिने पाहिलं आणि "जेव तू मुकाट्यानं" असं नजरेनेच सांगितलं.

काकांनी दोन्ही चटण्या बोटाने पुसून संपवल्या. मावशी त्यांच्या उजवीकडे बसली होती. तिने विचारलं, "कुठली बरी झालीया?"

"दोनी सारख्याच," काका म्हणाले.

मी घास हातात धरून वाट बघत राहिलो. मावशीने दोन्ही बरण्या पुढे ओढल्या आणि त्यांना दोन्ही चटण्या पुन्हा वाढल्या.